बाळ किती दमते आहे ते मोजा; चिठ्ठीवर नुसते ‘छिद्र’ लिहून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हृदयाला जन्मतः छिद्र असलेल्या बालकांच्या मोफत शस्त्रक्रियांच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. त्या वाचून चंदगड-आजऱ्यापासून शिरोळपर्यंतचे पालक तपासणीला पुढे येतात, ही मोठीच मदत आहे. मात्र शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत जे आठवडे जातात, त्या काळात बाळाची प्रकृती नेमकी किती बिघडली आहे, हे कोणी आणि कशावरून ठरवायचे याविषयी फारसे लिहिले जात नाही. लहान दवाखान्यांतून मोठ्या रुग्णालयांकडे पाठवलेल्या बऱ्याच चिठ्ठ्यांवर ‘हृदयाला छिद्र, पुढील उपचारासाठी’ एवढेच लिहिलेले असते. तेवढ्यावरून दोष कळतो, पण बाळ पंधरा दिवस थांबू शकते की आज रात्रीच दाखल करायला हवे, हे कळत नाही. बालरुग्ण विभागात रोज हेच काम करणारे आम्ही काही डॉक्टर आणि परिचारिका म्हणून हे पत्र लिहीत आहोत.

हजार जिवंत जन्मांमागे साधारण आठ-नऊ बाळांना जन्मजात हृदयदोष असतो. त्यातल्या सगळ्यांनाच हार्ट फेल्युअर होते असे नाही. ज्यांना होते त्यांचे हृदय बंद पडलेले नसते. शरीराला लागेल तेवढे रक्त पोचवताना ते थकलेले असते, आणि त्याचा ताण फुप्फुसांवर व यकृतावर उतरलेला असतो. मोठ्या माणसांसाठी न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनची चार वर्गांची विभागणी १९२८ पासून वापरात आहे. ती रोग्याला काय करताना दम लागतो यावर आधारलेली आहे. मोठा माणूस जिना चढताना दमतो. तान्ह्या बाळाचा जिना म्हणजे दूध ओढणे. अमेरिकेतले बालहृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट रॉस यांनी १९८७ मध्ये लहान मुलांसाठी वेगळी विभागणी मांडली, ती याच धाग्यावर. पहिल्या वर्गात काहीच त्रास नसतो. दुसऱ्यात दूध पिताना थोडी धाप लागते किंवा घाम येतो, पण वजन वाढते. तिसऱ्यात धाप आणि घाम ठळक असतात, दूध प्यायला फार वेळ लागतो आणि वजन खुंटते. चौथ्यात बाळ शांत पडलेले असतानाही धापते, कण्हते, बरगड्या आत ओढल्या जातात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गातली रेषा म्हणजे वजन, हे इथे लक्षात घ्यायला हवे. आपल्याकडे प्रत्येक बाळाजवळ माता-बाल संरक्षण कार्ड असते, त्यात वजनाचा तक्ता असतो. पहिल्या तीन महिन्यांत बाळाने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम चढवायला हवे. बाळ अंगाला लागत नाही, आईचे दूध पातळ आहे, दृष्ट लागली असे म्हणत घरात दोन महिने निघून जातात, आणि तक्त्यावरची रेघ तोवर आडवी झालेली असते. ती आडवी रेघ ज्याने वेळेवर पाहिली, त्याने निम्मे निदान केले.

१९९२ मध्ये रॉस आणि सहकाऱ्यांनी तान्ह्या बाळांसाठी गुणांचा तक्ता दिला. त्यात आठ बाबी आहेत आणि एकूण गुण बारा. हा तक्ता कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात, घड्याळ, स्टेथोस्कोप आणि मोजपट्टी यांवर भरता येतो, म्हणून तो इथे सविस्तर देतो. एका वेळचे दूध १०५ मिलीपेक्षा जास्त असेल तर शून्य, ७५ ते १०५ असेल तर एक, ७५ च्या खाली दोन. दूध संपवायला ४० मिनिटांहून जास्त लागत असतील तर एक. श्वास मिनिटाला ५० च्या खाली शून्य, ५० ते ६० एक, ६० च्या वर दोन. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, नाकपुड्या फुलत असतील तर एक. नाडी १६० च्या खाली शून्य, १६० ते १७० एक, १७० च्या वर दोन. हातपाय गार पडून रक्तपुरवठा कमी वाटत असेल तर एक. हृदयाचा तिसरा आवाज, ज्याला आम्ही गॅलप म्हणतो, तो ऐकू येत असेल तर एक. यकृत उजव्या बरगडीच्या खाली दोन सेंटिमीटरपेक्षा कमी लागले तर शून्य, दोन ते तीन एक, तीनच्या वर दोन. बेरीज दोनपर्यंत आली तर हार्ट फेल्युअर नाही, तीन ते सहा सौम्य, सात ते नऊ मध्यम, दहा ते बारा तीव्र.

समजा, तीन महिन्यांचे चार किलोचे बाळ आहे. एका वेळी ६० मिली दूध, तेही पाऊण तासात, श्वास ६४, छाती आत ओढली जाते, नाडी १६५, हातपाय उबदार, गॅलप नाही, यकृत तीन सेंटिमीटर. गुण झाले दोन, एक, दोन, एक, एक, शून्य, शून्य, एक, म्हणजे आठ. हे बाळ मध्यम गटात. औषधे सुरू करून आठवड्याने पुन्हा मोजले आणि दूध ९० मिली, वेळ अर्धा तास, श्वास ५४, छाती ओढणे थांबलेले, नाडी १५०, यकृत अडीच सेंटिमीटर असे आले, तर गुण तीन. औषध लागू पडले हे आता आकड्यांनी सांगता येते. ‘बाळ आता बरं वाटतंय’ या वाक्याने ते सांगता येत नाही, आणि पुढच्या खेपेला दुसरे डॉक्टर असतील तर त्यांना तुलना करायला त्यातून काहीच मिळत नाही.

तक्त्याला मर्यादा आहेत, त्या सांगितल्याच पाहिजेत. दुधाचे आकडे बाटलीने पिणाऱ्या बाळांवरचे आहेत. आपल्याकडची बहुतेक बाळे अंगावर पितात आणि तसेच प्यावे. मग दूध मोजायचे कसे? दूध पाजण्याआधी आणि पाजल्यावर त्याच कपड्यांत, त्याच इलेक्ट्रॉनिक काट्यावर बाळाचे वजन करावे. वाढलेला एक ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक मिली दूध. काटा पाच-दहा ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा. अंगणवाडीतल्या लटकत्या काट्यावर हे जमणार नाही. तेही नसेल तर पिण्याला लागणारा वेळ, मध्ये सोडून धापा टाकणे, कपाळावर घामाचे थेंब आणि दिवसभरात किती वेळा शू झाली, एवढे लिहिले तरी पुष्कळ. शिवाय तीन किलोच्या बाळाला एका वेळी ६० मिली दूध पुरेसेच असते, त्याचे दोन गुण उगीच धरले जातात. दिवसाला किलोमागे सुमारे १५० मिली या हिशेबाने पाहावे. पुढे २०१२ मध्ये रॉस यांनीच वयोगटाप्रमाणे सुधारित तक्ता दिला, त्यात एकोचे, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचे, मोजमाप आणि रक्ततपासणीही धरलेली आहे. मोठ्या रुग्णालयांनी तो वापरावा. उपकेंद्रासाठी जुना पुरे.

आता मोजण्यातल्या चुका. श्वास पूर्ण ६० सेकंद मोजायचा, पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायचे नाही. लहान बाळाचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच भरभर चालतो, त्यामुळे पंधरा सेकंदांचा आकडा दोन्हीकडे फसवतो. बाळ झोपलेले किंवा शांत हवे, अंगरखा वर केलेला हवा, नजर पोटावर हवी. आया ‘पोट उडतंय’ म्हणतात ते हेच, आणि आईने तसे म्हटले तर ते खरे मानून मोजायला बसावे. नुकतेच रडलेले, तापलेले बाळ मोजून उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद. हा निकष न्यूमोनिया ओळखण्यासाठी शिकवला जातो, आणि गोंधळ तिथेच होतो. जलद श्वास दिसला की अँटिबायोटिक, छातीत सूं सूं ऐकू आली की नेब्युलायझर. तेच बाळ तीन महिन्यांत तिसऱ्यांदा ‘छाती भरली’ म्हणून येते, तेव्हा तरी यकृत चाचपायला हवे आणि दूध पिताना घाम येतो का हे विचारायला हवे. गगनबावडा-राधानगरीच्या पावसात आणि नंतर थंडीत तर खरा श्वसनसंसर्ग आणि हृदयाची धाप एकाच बाळात एकत्र असतात. एक सापडले म्हणून दुसरे शोधायचे थांबवू नये.

यकृत चाचपताना हात बरगडीखालून सुरू केला तर मोठे यकृत हमखास निसटते, कारण बोटे आधीपासूनच त्याच्यावर असतात. सुरुवात उजव्या बाजूला बेंबीच्याही खालून, ओटीपोटापासून करावी, बाळ दूध ओढत किंवा झोपेत असताना, ऊबदार हाताने, हळूहळू वर यावे. कड लागली तिथे पेनाने खूण करून बरगडीपर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. एक-दोन बोटे, असे लिहू नये. प्रत्येकाची बोटे वेगळी. ब्राँकिओलायटिसमध्ये (बारीक श्वासनलिकांच्या सुजेत) फुगलेली फुप्फुसे यकृताला खाली ढकलतात, म्हणून वरची सीमाही ठोकून पाहावी. पायावरची सूज आणि मानेच्या फुगलेल्या शिरा या मोठ्या माणसांच्या खुणा तान्ह्या बाळात शोधत बसू नये. मान आखूड असते, आणि सूज आली तर आधी पापण्यांवर येते. अंगात पाणी साठले की वजन वाढलेले दिसते, तो आनंदाचा आकडा नसतो. म्हणून वजन आणि यकृत हे दोन आकडे नेहमी शेजारी शेजारी लिहावेत.

नाडी स्टेथोस्कोपने मिनिटभर मोजावी. तान्ह्या बाळात ती २२० च्या वर असेल आणि बाळ रडले, झोपले तरी जराही हलत नसेल, तर ती थकव्याची नाडी नव्हे; हृदयाचा ताल बिघडलेला असण्याची शक्यता मोठी आहे आणि ईसीजी तिथल्या तिथे काढायला हवा. प्रत्येक बाळाच्या जांघेतली नाडी बोटाने पाहावी. हाताला लागते आणि जांघेत लागत नाही, तर महाधमनी अरुंद असू शकते. पहिल्या दोन आठवड्यांत असे बाळ अचानक राखट पडते, गार होते, आणि जंतुसंसर्ग समजून सलाईनवर सलाईन दिले जाते. त्याला प्रोस्टाग्लँडिनचे, म्हणजे रक्ताची जन्मापूर्वीची वाट उघडी ठेवणारे, औषध मिळेपर्यंतचा प्रत्येक तास महत्त्वाचा असतो.

तीन आकडे पालकांना आणि कधी कधी आमच्या सहकाऱ्यांनाही खोटा धीर देतात. एक, एकोवरचा ईएफ, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतले किती टक्के रक्त बाहेर टाकते तो आकडा. खालच्या कप्प्यांमध्ये मोठे छिद्र असलेल्या बाळाचा ईएफ ६५-७० असतो, कारण हृदय जोरात आकुंचन पावत असते. रक्त मात्र चुकीच्या वाटेने फुप्फुसांत जात असते. ईएफ उत्तम आणि बाळ चौथ्या वर्गात, हे आम्ही नेहमी पाहतो. हृदयाचा स्नायूच कमजोर असेल तेव्हा ईएफला अर्थ असतो, आणि तिथेही २५ ईएफ असलेले मूल काही काळ खेळताना दिसू शकते. दोन, बोटाला लावलेले सॅच्युरेशन. अशा छिद्रात शुद्ध रक्त अशुद्धात मिसळते, उलट नव्हे. त्यामुळे ९७ टक्के असूनही बाळ गंभीर असते. तीन, एक्स-रे. तान्ह्या बाळात थायमस ग्रंथीची सावली आणि श्वास सोडताना काढलेली फिल्म या दोन्हींमुळे हृदय मोठे नसतानाही मोठे दिसते. हृदयावरचा ताण दाखवणाऱ्या, रक्तातल्या एनटी-प्रोबीएनपी तपासणीबद्दलही तेच: जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत ती सगळ्याच बाळांत चढी असते, मूत्रपिंडे बिघडली तरी चढते. एकाच बाळाचे दोन आकडे काही आठवड्यांच्या अंतराने पाहिले तर तिचा खरा उपयोग होतो.

या सगळ्यांहून धोकादायक म्हणजे आपोआप आलेली सुधारणा. मोठे छिद्र असलेले बाळ जन्मतः ठीक दिसते. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब पहिल्या सहा-आठ आठवड्यांत उतरतो आणि तेव्हा धाप सुरू होते. पुढे वर्षाच्या आसपास धाप कमी होते, वजन वाढू लागते, घरचे म्हणतात देवाने ऐकले, आणि तपासणीला येणे थांबते. काही बाळांत छिद्र खरेच लहान होत असते. इतरांत मात्र फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या जाड आणि कडक होऊन दाब चढलेला असतो, आणि तो कायमचा झाला की छिद्र बुजवताही येत नाही. वरून दोन्ही सारखेच दिसते. फरक एकोनेच कळतो. म्हणून रॉसचे गुण कमी झाले तरी ठरलेला एको चुकवू नये. मोठ्या छिद्राची शस्त्रक्रिया साधारण पहिल्या वर्षाच्या आत व्हावी. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांपैकी जवळजवळ निम्म्यांना हृदयदोष असतो आणि त्यांच्यात हा दाब आणखी लवकर चढतो, त्यांचा एको जन्मानंतर लगेचच करायला हवा.

मोठ्या मुलांचे चित्र वेगळे. शाळकरी मूल ‘दम लागतो’ म्हणत नाही. ते खेळात मागे राहते, रात्री उशी उंच मागते, जेवण सोडते. पोटात दुखणे आणि उलट्या एवढ्याच तक्रारी असू शकतात, कारण यकृत ताणलेले असते. विषाणूच्या तापानंतर आठवड्याभरात असे मूल पोटाच्या औषधांवर फिरत असेल आणि ताप नसताना नाडी १३०-१४० असेल, तर मायोकार्डायटिस (हृदयाच्या स्नायूची सूज) डोक्यात यायलाच हवा. सांधे आळीपाळीने सुजून गेलेल्या मुलाच्या झडपांकडे पाहावे. संधिवाताच्या तापाचे निदान झाल्यावर दर २१ दिवसांचे पेनिसिलिन चुकवणे म्हणजे झडपेला पुन्हा इजा होऊ देणे. आणि मुडदूस झालेल्या, कॅल्शियम फार उतरलेल्या तान्ह्या बाळाचे हृदयही फेल होते. एका रक्ततपासणीने ते कळते आणि कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाने ते भरून येते. प्रत्येक कमजोर हृदयात ही तपासणी व्हावी, असा आमचा आग्रह आहे.

घरी दिल्या जाणाऱ्या औषधांबद्दल थोडे. लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडचा डोस वजनावर असतो. बाळ चार किलोचे सहा किलो झाले आणि डोस तोच राहिला की धाप परत येते, आणि औषध निकामी ठरल्याचा समज होतो. हृदयाचे आकुंचन जोरदार करणारे डिगॉक्सिन चमच्याने कधीच मोजू नये, एक मिलीच्या सिरिंजने मोजावे. बाळाने ओकले तर पुन्हा देऊ नये, एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. सतत उलट्या आणि नाडी मंद, हे त्याच्या विषबाधेचे लक्षण. जुलाब लागले तर लघवी वाढवणारी औषधे तशीच चालू ठेवू नयेत. त्याच दिवशी फोन करून विचारावे. दूध तोडू नये. अशा बाळाला दिवसाला किलोमागे १२० ते १५० कॅलरी लागतात, म्हणून दोन-अडीच तासांनी थोडे थोडे, दमले तर काढलेले दूध वाटी-चमच्याने.

चंदगडहून कोल्हापूर शंभराहून अधिक किलोमीटर. निघण्यापूर्वी बाळ ऊबदार आहे, डोके-खांदे उंच आहेत, रक्तातली साखर पाहिली आहे, एवढे करावे. श्वास ७० च्या वर असेल तर तोंडाने पाजू नये. सॅच्युरेशन कमी असेल तर ऑक्सिजन द्यावाच, पण मोठ्या छिद्राच्या बाळाला आकडा न पाहता भरपूर ऑक्सिजन लावून ठेवला तर फुप्फुसांकडचा रक्तप्रवाह आणखी वाढतो. सलाईनचा किलोमागे २० मिलीचा झपाट्याचा डोस अशा बाळाला बुडवतो. द्यायचेच तर ५ ते १० मिली, सावकाश, आणि दर वेळी यकृत पुन्हा मोजून.

जिल्हा आरोग्य यंत्रणेकडे आमची मागणी छोटी आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. मोठ्या छिद्राची धाप सुरू होते ती नेमकी चार ते आठ आठवड्यांत, म्हणजे ४२ व्या दिवसाच्या भेटीला आणि दीड महिन्याच्या लसीला बाळ हाताशी असते. त्या दिवशी तीन नोंदी सक्तीच्या कराव्यात: दूध प्यायला किती वेळ लागतो, कपाळाला घाम येतो का, आणि पूर्ण मिनिटाचा श्वास. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांनी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांनी पुढे पाठवताना चिठ्ठीवर आजचे व मागचे वजन, श्वास, नाडी, यकृत सेंटिमीटरमध्ये, जांघेतली नाडी आणि सॅच्युरेशन लिहावे. यासाठी छापील रबरी शिक्का पुरेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या कागदांची जमवाजमव चालू असताना दर आठवड्याला हेच आकडे पुन्हा घ्यावेत, आणि गुण सातच्या पुढे गेले तर कागदांची वाट न पाहता दाखल करावे.

ऊसतोड हंगामात बीडकडून येणाऱ्या कुटुंबांची बाळे कारखान्यांच्या तळांवर आठवड्या-पंधरवड्याला फड बदलतात, आणि गळितानंतर जिल्हाच सोडतात. त्यांची चिठ्ठी पावसात भिजते, हरवते. तळावर तपासणी करणाऱ्याने आकडे लिहिलेल्या कागदाचा फोटो आईच्या आणि मुकादमाच्या अशा दोघांच्या मोबाइलवर काढून द्यावा, तारखेसह. म्हणजे पुढच्या तालुक्यातल्या डॉक्टरला मागच्या आठवड्याचा श्वास आणि वजन डोळ्यांसमोर असेल.

आपले,
बालरुग्ण विभागात काम करणारे काही डॉक्टर व परिचारिका,
कोल्हापूर